जैवविविधता सर्वेक्षण : क्षेत्रपद्धती

एखाद्या परिसरात कोणत्या वनस्पती व प्राणी आहेत आणि किती आहेत, हे जागेवर जाऊन ठरावीक रीतीने मोजणे म्हणजे जैवविविधता सर्वेक्षण. सगळे मोजणे अशक्य, म्हणून नमुना घ्यावा लागतो. खरी गोम इथेच आहे : नवशिक्याची जागा आखायची दोरी आपसूक फुललेल्या झुडपाकडे वळते. त्यामुळे नमुन्याच्या जागा आधीच नकाशावर, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा, निश्चित करतात.

वनस्पतींसाठी चौकट पद्धत, म्हणजे ठरावीक मापाचा चौरस आखून त्यातल्या वनस्पती मोजणे, रूढ आहे. पाउंड व क्लेमेंट्स या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशातील कामातून ती मांडली. नजरेचा अंदाज फसवा ठरतो, हे त्यांना प्रत्यक्ष मोजणीत दिसले होते. भारतात साधारणपणे वृक्षांसाठी १० × १० मी., झुडपांसाठी ५ × ५ मी. आणि गवत-रोपांसाठी १ × १ मी. चौकट आखतात. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मी. (साडेचार फूट) उंचीवर घेतात. उतारावर ही उंची चढाच्या बाजूने धरायची, हे हमखास विसरले जाते. हंगामाचे भानही हवे. पावसाळ्यात सीतेची आसवे आणि गेंद या फुलांनी भरलेला साताऱ्याजवळचा कासचा सडा (खडकाळ पठार) एप्रिलमध्ये उघडा खडक असतो. कारवी हे झुडूप तर सात वर्षांतून एकदा फुलते. एरवी ती पानांवरूनच ओळखावी लागते.

प्राणी जागचे हलतात आणि लपतातही. म्हणून सरळ रेषेवर चालत, दिसलेल्या प्राण्याचे रेषेपासूनचे लंब अंतर नोंदवतात. दूरचे प्राणी अधिक निसटतात; किती निसटले असावेत, हे त्या अंतरांवरून काढता येते. फुलपाखरांसाठी ब्रिटनमध्ये १९७६ पासून ठरलेल्या वाटेवर दर आठवड्याला चालून ५ मी. रुंदीच्या पट्ट्यातली मोजणी होते. भारतात वाघ पूर्वी पंजाच्या ठशांवरून मोजत. २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले आणि त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. २००६ च्या गणनेपासून कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे, आले. प्रत्येक वाघ त्याच्या पट्ट्यांवरून ओळखतात; पण त्याच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात.

नोंदवही शिसपेन्सिलीने लिहावी. शाई पहिल्याच सरीत पसरते. तारीख, वेळ व हवामान यांच्याबरोबर ज्या फेरीत काहीच दिसले नाही, तीही लिहायची असते. शून्य गाळले की सरासरी फुगते.