फिट आली, स्कॅनमध्ये रिंग दिसली: डोक्यात किडा की टीबीची गाठ?

निपाणी, चिकोडी, खानापूरकडनं फिट आलेली पोरं आमच्या स्कॅन सेंटरला येतात आणि रिपोर्टात बऱ्याचदा तेच लिहिलेलं, मेंदूत एक रिंग, न्यूरोसिस्टिसर्कोसिस (मेंदूतला किडा) किंवा ट्युबरक्युलोमा (टीबीची गाठ). घरच्यांना वाटतं रिपोर्टवाल्याला काय कळलंच नाही. तसं नाही ओ. दोन्हीत गाठीभोवती सूज असते आणि कॉन्ट्रास्टचं, म्हणजे स्कॅनमध्ये उठून दिसणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिलं की कड चमकते, फोटोत अंगठीसारखं गोल दिसतं.

आधी ठिपका बघायचा. किडा म्हणजे डुकराच्या टेपवर्मची (पट्टीसारख्या जंताची) अळी, पाण्याच्या फोडात बसलेली, तिचं डोकं रिंगच्या आत एका बाजूला बारीक ठिपक्यासारखं दिसतं. तो दिसला तर प्रश्न जवळजवळ मिटला. पण अळी मरायला लागली की ठिपका पुसट होतो आणि नेमकी तेव्हाच सूज वाढून फिट येते, म्हणजे पेशंट येतो तो अवघड वेळेलाच. मग साइज. किड्याची रिंग बहुतेक 20 मिलिमीटरच्या आतली आणि गुळगुळीत, टीबीची मोठी, वेडीवाकडी, कधी दोनतीन गाठी एकमेकीला चिकटलेल्या, सूज एवढी की मेंदूची मधली रेषाच सरकते. लहान टीबीची गाठ पण असते, त्यामुळं नुसत्या मापावर जाता येत नाही. स्पेक्ट्रोस्कोपी (एमआरआयमध्ये गाठीतली रसायनं मोजायची तपासणी) केली आणि लिपिडचा, म्हणजे चरबीचा, उंच पीक आला तर टीबीकडं झुकायचं. शिवाय छातीचा एक्स-रे, घरात कुणाला टीबी होता काय, हे विचारायचंच.

पूर्वी आपल्याकडं असली छोटी एकटी रिंग दिसली की टीबीच धरायचे आणि महिनोन्महिने गोळ्या चालू. 1980च्या दशकात वेल्लोरच्या सीएमसीत (ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात) अशा गाठी काढून तपासल्या तर बऱ्याच किड्याच्या निघाल्या. गंमत म्हणजे किड्याची एकटी गाठ कितीदा आपोआपच विरते, म्हणजे नाव टीबीच्या गोळ्यांचं झालेलं.

सगळ्यात जास्त वाद शाकाहारावरनं होतो. एक माळकरी मामा भाचीला घेऊन आलेले, "आमच्यात अंडंसुद्धा शिजत नाही, डुकराचा किडा कुठनं येणार?" कच्चं राहिलेलं डुकराचं मटण खाल्लं तर टेपवर्म आतड्यात वाढतो, मेंदूत नाही. मेंदूत जातो तो टेपवर्मच्या बारीक अंड्यातनं, आणि अंडी पडतात टेपवर्म असलेल्या माणसाच्या संडासातनं. तिथनं शेतात, पाण्यात, न धुतलेल्या हातावर, मग मुळा, गाजर, कोथिंबीर. माळ बघून अंडी थांबत नाहीत.

कन्नडवाले पण "तलेयल्ली हुळ" म्हणजे डोक्यात किडा म्हणतात आणि लगेच मेडिकलात जंताची गोळी मागतात. अजिबात नको. त्या गोळीनं, म्हणजे अल्बेंडाझोलनं, किडा एकदम मेला की सूज वाढते, म्हणून डॉक्टर सोबत स्टेरॉइड देतात, डोळ्यात किडा नाही ना ते आधी बघतात. टीबी असेल तर कोर्स कमीत कमी 9 ते 12 महिन्यांचा.

मामांची भाची सहा महिन्यांनी परत आली तेव्हा रिंग गेलेली, सीटीत खडूच्या कणाएवढा पांढरा डाग तेवढा राहिलेला. मामा लगेच, "मग फिटची गोळी बंद करू काय?" म्हटलं मामा, त्या डागानंसुद्धा फिट येऊ शकते, आधी न्यूरोवाल्यांना दाखवा.