रॅमवाढ, डेस्कटॉप संगणकातील

वापरात असलेल्या संगणकाच्या मदरबोर्डवर रॅमची जादा किंवा मोठ्या क्षमतेची पट्टी बसवून त्याची कार्यकालीन स्मृती वाढवणे. व्हिडिओ-संपादन, वास्तुरेखाटन, आभासी यंत्रे (संगणकाच्या आत चालणारे दुसरे संगणक) चालवणे अशा जड कामांसाठी ही वाढ करतात. फोर-के चित्रफितीची एक चौकट, दर बिंदूला ४ बाइट धरल्यास, सुमारे ३३ मेगाबाइटची होते. अशा ३० चौकटींचा एक सेकंद जवळजवळ १ गिगाबाइट खातो. रॅम पुरेनाशी झाली की कार्यप्रणाली काही विदा डिस्कवर हलवते आणि यंत्र रेंगाळते.

सुट्या पट्टीच्या उगमाबद्दल वाद आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीत स्मृतीच्या चिप एकेक करून सॉकेटमध्ये दाबाव्या लागत. पाय दुमडला की पुन्हा सरळ करत बसायचे. लहानशा पाटीवर नऊ चिप बसवलेली, ३० जोडबिंदूंची ‘सिम’ पट्टी १९८३ च्या सुमारास वँग लॅबोरेटरीज या अमेरिकी संगणक-कंपनीत जेम्स क्लेटन यांनी आखली, असे सामान्यतः मानतात. आठ चिप विदेसाठी, नववी चूक पकडणाऱ्या समता-बिटासाठी. वँगला पेटंट मिळाले १९८७ मध्ये, आणि त्यावरून जपानी उत्पादकांशी खटले झाले. मित्सुबिशीविरुद्धच्या खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने १९९७ मध्ये मित्सुबिशीचा गर्भित (लेखी नसलेला, वागणुकीतून मिळालेला) परवाना मान्य केला. कारण या पट्ट्या बनवा, असा आग्रह वँगनेच धरला होता. आराखड्याचे श्रेय वँगला देणे रास्त दिसते. ती रचना सर्वत्र रुजली, ती मात्र जेडेक या मानकसंस्थेमुळे.

‘सिम’नंतर आलेल्या ‘डिम’ पट्ट्यांच्या, म्हणजे डीडीआर२, डीडीआर३ इत्यादींच्या, पिढ्या परस्परांत चालत नाहीत. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोहोंना २४० जोडबिंदू असले, तरी पहिलीला १.८ व्होल्ट लागतात, दुसरीला १.५, म्हणून पट्टीच्या कडेवरील खाचेची जागा मुद्दाम बदललेली आहे. २०१२ मध्ये मानक ठरलेल्या डीडीआर४ ला २८८ जोडबिंदू व १.२ व्होल्ट.

जुन्या यंत्रात खरी अडचण येते ती चिपच्या घनतेची. ४ गिगाबाइटची (८ गिगाबिट म्हणजे १ गिगाबाइट) पट्टी दोन प्रकारे होते : २ गिगाबिटच्या सोळा चिप दोन्ही बाजूंना, किंवा ४ गिगाबिटच्या आठच चिप एका बाजूला. दुसऱ्या प्रकारात चिपमधील ओळीचा पत्ता सांगायला एक बिट जास्त लागतो. इंटेलच्या जी४१ या जुन्या चिपसेटवर (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपसंचावर) म्हणूनच सोळा चिपची पट्टी साधारणपणे चालते, तर आठ चिपची लावल्यास संगणक बहुधा सुरूच होत नाही. हॅसवेल (२०१३) या पिढीपर्यंतच्या इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरांना ८ गिगाबिटच्या डीडीआर३ चिप चालत नाहीत. त्यामुळे तेथे एका पट्टीची मर्यादा ८ गिगाबाइट, आणि दोनच स्लॉट असलेल्या एच६१ चिपसेटच्या मदरबोर्डवर एकूण १६. दुकानात वेगाचा आकडा आधी विचारतात. पट्टी उलटून काळे चौकोन, म्हणजे चिप, मोजणे अधिक उपयोगाचे. केवळ एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांवर चालणाऱ्या स्वस्त डीडीआर३ पट्ट्याही बाजारात असतात, आणि घोटाळा बहुतेकदा त्यांच्यामुळेच होतो. सर्व्हरमधून काढलेल्या रजिस्टर्ड (संकेतांसाठी मध्ये वेगळी चिप असलेल्या) पट्ट्या स्लॉटमध्ये बसतात, पण साध्या मदरबोर्डवर चालत नाहीत.

३२-बिट विंडोजच्या घरगुती आवृत्त्या ४ गिगाबाइटपलीकडे जात नाहीत, आणि त्यातलेही काही पत्ते इतर उपकरणांकडे जातात. १९९५ च्या पेंटियम प्रो प्रोसेसरला ३६-बिट पत्त्यांमुळे ६४ गिगाबाइटपर्यंत पोहोचता येत होते; डेस्कटॉपवरची मर्यादा मायक्रोसॉफ्टने राखली. विंडोज ७ होम बेसिकच्या ६४-बिट आवृत्तीतही कमाल ८ गिगाबाइटच.

दोन सारख्या पट्ट्या प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाहिन्यांवर लावल्यास डीडीआर३-१३३३ ची सैद्धांतिक वहनक्षमता सेकंदाला १०.७ वरून २१.३ गिगाबाइट होते.

बसवताना वीजतार काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिरविद्युत उतरवतात. मग स्लॉटच्या टोकांचे खटके उघडायचे, खाच जुळवायची आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबायचे. खटके आपोआप ‘टक्’ करून मिटले की पट्टी बसली. संगणक सुरू करताना बीप वाजत राहिला तर पट्टी काढून तिच्या सोनेरी जोडबिंदूंवर खोडरबर फिरवण्याची रीत आहे. लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजे मुंबईच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाच्या, दुरुस्तीवाल्यांपासून घरच्या हौशींपर्यंत सगळे ती पाळतात. उपाय गुणकारी आहे, मात्र वरचेवर केल्यास मुलामा झिजतो. जुनी पट्टी विकत घेतली असल्यास रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ या आज्ञावलीची निदान एक पूर्ण फेरी करतात. ८ गिगाबाइटला तिला तास-दोन तास लागू शकतात.