स्लॅटवरचा स्लॅग: रोलर क्लीनर घ्यावा की चिपिंग हॅमर?

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंगचे जॉबवर्क करणाऱ्या कारखानदाराने ‘स्लॅग काढायचे टूल’, म्हणजे कटिंगमध्ये वितळून थिजलेला धातू काढायचे साधन, मागितले, तर त्याच नावाखाली त्याच्यासमोर दोन अगदी वेगळ्या वस्तू येऊ शकतात. पहिली म्हणजे विजेवर चालणारा रोलर क्लीनर. तो स्लॅटवर, म्हणजे पत्रा ठेवायच्या बेडमधल्या उभ्या पट्टीवर, वरून बसवला की त्याचे दोन दातेरी रोलर स्लॅटला दोन्ही बाजूंनी पकडतात, परस्परांच्या उलट दिशेने फिरत पुढे सरकतात आणि चिकटलेला स्लॅग दाबून फोडत जातात. दुसरी म्हणजे हवेवर चालणारा चिपिंग हॅमर किंवा त्याच जातीचा नीडल स्केलर, जो छिन्नीने अथवा पोलादी सुयांच्या जुडग्याने ठोके मारून स्लॅग उडवतो. दोन्हींनी स्लॅग निघतो हे खरे, परंतु एक टूल स्लॅटला दोन्ही अंगांनी धरून काम करते आणि दुसरे एकाच अंगाने आघात करते. खरेदीपूर्वी हा फरक नीट समजून घेतला पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

पत्रा कापताना वितळलेला धातू वायूच्या दाबाने खाली फेकला जातो आणि त्यातला काही भाग स्लॅटच्या टोकांवर व बाजूंवर थिजतो. थर वाढला की पत्रा सपाट बसत नाही, कापलेले लहान तुकडे तिरके उभे राहतात आणि पत्र्यापासून जेमतेम मिलिमीटरभर उंचीवर फिरणारे नोझल (लेझर व वायू सोडणारे टोक) त्यांना धडकू शकते. स्लॅटवरच्या गाठीवर आपटलेला वितळलेला धातू उलटा उसळून जॉबच्या खालच्या बाजूला चिकटतो, आणि स्लॅटमधल्या फटी बुजत गेल्या की खालून धूर ओढणारी यंत्रणाही कमी पडू लागते. म्हणून स्लॅटची सफाई हा जॉबच्या दर्जाशी थेट जोडलेला विषय आहे.

स्लॅग सगळीकडे सारखा नसतो, आणि नाशिकमध्ये तर एकाच बेडवर त्याचे निरनिराळे प्रकार साचतात. वाहनउद्योगासाठी लागणारे जाड एमएसचे (साध्या पोलादाचे) ब्रॅकेट ऑक्सिजनवर कापले जातात, तेव्हा पडणारा स्लॅग प्रामुख्याने लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे ठिसूळ असतो. दाब पडताच तो तडकून खपल्यांनी निघतो. वायनरीच्या टाक्या आणि अन्नप्रक्रियेची यंत्रे यांसाठीचे एसएस (स्टेनलेस स्टील) मात्र नायट्रोजनवर कापतात. तेथे ऑक्सिडीकरण जवळजवळ होत नसल्याने स्लॅटवर जमते ते धातूच असते, चिवट आणि घट्ट चिकटलेले. स्विचगिअरच्या (वीजपुरवठा नियंत्रित करणाऱ्या उपकरणांच्या) पॅनेलसाठी लागणारा पातळ सीआरसीए (थंड रोलिंग करून मऊ केलेला) पत्रा थोडा थोडा स्लॅग टाकतो, पण जॉबची संख्या मोठी असल्याने तोही साचत जातो. ॲल्युमिनियम मऊ असल्याने तुटण्याऐवजी पसरते.

ठिसूळ स्लॅगवर रोलर क्लीनर उत्तम चालतो. दोन्ही बाजूंनी सारखाच दाब येत असल्यामुळे स्लॅट वाकत नाही, टोके शाबूत राहतात आणि स्लॅट बेडवरून न काढताच काम होते. मात्र त्याच्या काही अटी आहेत आणि विक्रेता त्या आपणहून सांगेलच असे नाही. स्लॅट सरळ हवा, त्याची जाडी टूलच्या मर्यादेत बसली पाहिजे, दोन स्लॅटमध्ये टूलचे अंग मावेल इतके अंतर हवे, आणि साचलेला थर रोलरच्या आवाक्याबाहेर वाढलेला नसावा. टोके जळून गेलेल्या, पिळवटलेल्या जुन्या स्लॅटवर तो अडकतो, घसरतो किंवा मोटरवर ताण आणतो. त्या वेळी टूल निकामी आहे असा निष्कर्ष काढला जातो, प्रत्यक्षात दोष स्लॅटच्या अवस्थेचा असतो.

चिपिंग हॅमरला अशा अटी नाहीत, आणि त्याचे आकर्षण नेमके त्यातच आहे. तो स्वस्त मिळतो, कोणत्याही जाडीच्या स्लॅटवर चालतो आणि एसएसच्या चिवट गाठी, कोपऱ्यात बसलेले गोळे रोलरपेक्षा चांगले तोडतो. परंतु पातळ, उभ्या पट्टीवर एका बाजूने ठोके बसले की ती वाकते, आणि वाकलेल्या स्लॅटवर पुढचा पत्रा पुन्हा असमान बसतो. आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो, जेव्हा की आपल्याकडे कारखान्यांत ८ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल हीच मर्यादा मानली आहे. हाताला बसणाऱ्या कंपनांमुळे दीर्घकाळात बोटे बधिर होण्याचा विकार जडू शकतो. कानाला संरक्षण न देता आणि आळीपाळीने माणूस न बदलता हेल्परला तासन्‌तास हे काम देणे मला अयोग्य वाटते. आणखी एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही: ज्या कारखान्यात पातळ पत्रा नायट्रोजनऐवजी कॉम्प्रेसरच्या हवेवर कापतात, तेथे हॅमर त्याच लाइनवर जोडला तर कटिंगचा दाब खाली येऊन कडा बिघडू शकते.

माझ्या मते नियमित देखभालीसाठी रोलर क्लीनर आणि तुंबलेल्या कामासाठी, म्हणजे महिनोन्‌महिने न काढलेल्या थरासाठी, चिपिंग हॅमर असा विचार करणे योग्य. दिवसभर एमएस कापणाऱ्याने रोलर घ्यावा आणि थर पातळ असतानाच तो फिरवावा. एसएसचे प्रमाण अधिक असेल, तर रोलरसोबत लहान हॅमरही हाताशी ठेवावा, पण स्लॅट बाहेर काढून, सपाट लोखंडी ठोकळ्यावर आडवा ठेवूनच तो वापरावा. बेड फारच जुना असेल तर दोन्हींवर पैसे घालण्याआधी उरलेल्या एमएस प्लेटमधून आपल्याच मशीनवर नवे स्लॅट कापून घेणे अधिक हिताचे ठरते, कारण स्लॅट ही झिजणारीच वस्तू आहे.

टूलची निवड लेझरच्या किलोवॅटवरून करू नये. स्लॅटची जाडी, उंची आणि दोन स्लॅटमधले अंतर व्हर्नियरने मोजून ते आकडे विक्रेत्याला द्यावेत, आणि आपल्या बेडवरचा सर्वांत वाईट स्लॅट सोबत नेऊन त्यावरच चाचणी मागावी. चकचकीत नमुना-पट्टीवरच्या प्रात्यक्षिकाने काहीच सिद्ध होत नाही. रोलर सुटे मिळतात का, ते बदलायला किती वेळ लागतो आणि दुरुस्ती नाशिकमध्येच होते की टूल बाहेरगावी पाठवावे लागते, हेही आधी विचारावे, कारण रोलर झिजतातच.

पॅलेट (आत-बाहेर सरकणारा सुटा बेड) बदलणाऱ्या मशीनमध्ये एक पॅलेट आत कटिंग करत असताना बाहेरच्या पॅलेटवर सफाई करण्याचा मोह होतो. पॅलेट-बदल बंद करून कुलूप लावल्याशिवाय तसे कदापि करू नये, कारण आतला जॉब संपताच बाहेरचा पॅलेट हलू शकतो. आणि त्याच बेडवर ॲल्युमिनियमही कापले जात असेल, तर सफाईसाठी ग्राइंडर वापरू नये: ॲल्युमिनियमची बारीक भुकटी आणि लोहाचे ऑक्साइड यांचे मिश्रण ठिणगीने पेटले, तर ते थर्माइटसारखे प्रचंड उष्णतेने जळते. पाण्याने ते विझत नाही, उलट धोका वाढतो. म्हणून अशा बेडखालचा ट्रे धातू बदलताना प्रत्येक वेळी रिकामा करावा.