इंटरनेट रेडिओ केंद्र : ग्रामीण विदर्भातील उभारणी

मनोरा किंवा रेडिओलहरी न वापरता इंटरनेटवरून सलग ध्वनी पाठवणाऱ्या प्रसारणाला इंटरनेट रेडिओ म्हणतात. कार्ल मालामूद यांनी अमेरिकेत १९९३ मध्ये ‘इंटरनेट टॉक रेडिओ’ सुरू केला, तेव्हा कार्यक्रमाची फाइल आधी उतरवून घ्यावी लागे. आइसकास्ट हा श्रोत्यांना प्रवाह वाटणारा मुक्त सर्व्हर-प्रोग्रॅम १९९८ च्या अखेरीस आला आणि लहान केंद्राला तो आजही पुरतो. एफएम किंवा सामुदायिक रेडिओला लागतो तसा वारंवारितेचा परवाना इथे लागत नाही, त्यामुळे खेड्यातली चार पोरे मिळूनही केंद्र काढू शकतात. अडचण परवान्याची नसून लाइन (वीज), अपलोड आणि श्रोत्याची रेंज या तिन्हींची असते.

केंद्राचे भाग तीन. माईक व लॅपटॉप. लॅपटॉपवर आवाज आकुंचित करून पुढे ढकलणारा एन्कोडर (नवशिक्याला ‘बट’ हा फुकट प्रोग्रॅम सोपा). आणि तो एक प्रवाह घेऊन शंभर जणांना वाटणारा सर्व्हर. नवखा माणूस हमखास सर्व्हरही घरच्याच लॅपटॉपवर बसवतो आणि फसतो. मोबाइल डेटावर अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता असतो, त्यामुळे बाहेरचा श्रोता त्या लॅपटॉपपर्यंत पोचतच नाही. फायबर जोडणी असली तरी भार अपलोडवर येतो. सेकंदाला ६४ किलोबिटचे १०० श्रोते म्हणजे सेकंदाला ६.४ मेगाबिट सतत वर जाणार. म्हणून माईक गावात आणि सर्व्हर भाड्याच्या व्हीपीएसवर (दूरच्या डेटा सेंटरमधला, सतत चालू राहणारा संगणक) ठेवावा. मग गावातून फक्त ६४ किलोबिट जातात आणि तेवढे फोरजीच्या दोन कांड्यांवरही निभते.

व्हीपीएसवर नुसते आइसकास्ट बसवता येते, पण अझुराकास्ट (केंद्र चालवण्याचा मुक्त प्रोग्रॅम) बसवले तर गाण्यांची रांग, वेळापत्रक आणि थेट प्रसारण एकाच पानावरून सांभाळता येते. त्याला २ जीबी रॅम चालते, ४ असल्यास बरे. नुसते आइसकास्ट घेतल्यास मूळ फाइलमधला ‘हॅकमी’ हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. तो तसाच ठेवला तर कोणीही तुमच्या नावावर काहीही वाजवू शकतो. आइसकास्ट ८००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या दारातून बोलते; व्हीपीएसच्या फायरवॉलमध्ये ते उघडले नसेल तर सगळे बरोबर असूनही काही ऐकू येत नाही. संकेतस्थळ ‘एचटीटीपीएस’ आणि प्रवाह साधा ‘एचटीटीपी’ असला, तरीसुद्धा असेच होते : ब्राउझर आवाज अडवू शकतो.

बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट पाठवायचे ते) श्रोत्याकडे पाहून ठरवावा. ६४ किलोबिट मोनो एमपी३ तासाला २८.८ एमबी खातो, ३२ किलोबिट १४.४ एमबी. बोलण्याच्या कार्यक्रमाला ३२ पुरे (नमुनादर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे नमुने घेण्याचा वेग, २२.०५ किलोहर्ट्झ), भजन, दंडार (विदर्भातले लोकनाट्य) ऐकवायची तर ६४. मेळघाट किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यासाठी दुसरा, ३२ चा प्रवाह वेगळा ठेवावा. स्टिरिओचा हट्ट सोडावा, कारण वावरात श्रोता फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकतो. ऑपस हा आवाज आकुंचनाचा दुसरा प्रकार कमी बिटात सरस वाजतो खरा, पण काही आयफोनवर तो चालत नाही, त्यामुळे सुरुवात एमपी३ नेच करावी.

खोली हा खरा खर्चाचा भाग मानला जातो. विदर्भात तो बराचसा फुकट होतो. भाव वाढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवलेली खोली स्टुडिओला उत्तम, कारण ढिगाऱ्यात आवाज जिरतो आणि घुमत नाही. (कापूस विकला की तीच खोली हंड्यासारखी घुमू लागते; मग दोन भिंतींना गोधड्या टांगाव्या.) गरम होणारी यंत्रे, विडी आणि उदबत्ती मात्र त्या ढिगाजवळ नको. टिनाच्या छपराखाली पावसाळ्यात थेट बोलता येत नाही, तेव्हा रेकॉर्ड केलेले कार्यक्रम हाताशी ठेवावेत. उन्हाळ्यात कुलर बोलताना बंद, गाणे लागले की चालू. माईक डायनॅमिक (जवळचाच आवाज घेणारा) घ्यावा; कंडेन्सर शेजारच्या गोठ्यातली घंटाही पकडतो. तोंडापासून चार बोटे, थोडा तिरपा. तोच माईक साध्या पिनेने लॅपटॉपला जोडला तर आवाज बारीक आणि खरखरता येतो, मध्ये यूएसबी इंटरफेस लागतो. पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास, मोठ्यात मोठा आवाज उणे ६ पर्यंत. सतत ‘हूं’ येत असेल तर चार्जर काढून पाहावे. ‘हूं’ थांबला तर दोष अर्थिंगचा.

लाइन गेली की पहिला मरतो तो राउटर, लॅपटॉप नाही. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस राउटरला लावला की बरेच निभते. लांबल्या भारनियमनात टॉवरची बॅटरीही उतरते, त्यावर गावात उपाय नाही. तो सर्व्हरवर करायचा. आइसकास्टमध्ये मुख्य माउंटला (प्रवाहाच्या पत्त्याला) ‘फॉलबॅक’, म्हणजे राखीव माउंट द्यावा. प्रवाह तुटला की श्रोता आपोआप त्यावरच्या भजनाकडे वळतो आणि ‘ओव्हरराइड’ चालू असेल तर तुम्ही परतताच पुन्हा इकडे येतो. दोन्हींचा प्रकार, बिटरेट, नमुनादर सारखा हवा, नाहीतर काही प्लेअर मधेच गप्प होतात.

आइसकास्ट नव्या श्रोत्याला सुरुवातीला ६४ केबी (किलोबाइट; एक बाइट म्हणजे आठ बिट) आधीचा आवाज एकदम देते. ६४ किलोबिटवर तो सुमारे ८ सेकंदांचा, ३२ वर १६; श्रोता तेवढा मागे राहतो. म्हणून ‘बरोबर आठ वाजले’ असे रेडिओवर सांगू नये. फोनवर बोलणाऱ्यालाही शेजारचा रेडिओ बंद करायला लावावा, नाहीतर तो स्वतःचेच शिळे शब्द ऐकून अडखळतो.

हक्कांचा प्रश्न हलका घेतला जातो. नभोवाणीला मिळणारा कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-ड चा वैधानिक परवाना इंटरनेट प्रसारणाला लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. म्हणजे चित्रपटगीतांसाठी हक्कधारकांशी थेट करार हवा. रचनेचा हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो; तुकडोजी महाराजांचे निधन १९६८ चे, म्हणून त्यांच्या हयातीत प्रकाशित रचना २०२८ अखेरपर्यंत हक्कात येतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. परंपरेची ओवी, दंडारीतली जुनी गाणी मोकळी आहेत, पण गाणाऱ्याचा सादरीकरणाचा हक्क ५० वर्षांचा आहे, तेव्हा वहीवर सही घेऊनच मुद्रण करावे. झाडीपट्टीचे (पूर्व विदर्भातले) नाटक लावायचे तर लेखक आणि मंडळ दोघांनाही विचारावे. बातम्या देणार असाल तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील तक्रार निवारणाची तरतूदही पाहून घ्यावी. वऱ्हाडीत निवेदन करायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.