प्रश्नचिन्ह दिसलं की उत्तर ठोकायलाच पाहिजे काय?

पेशंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात कुणी माहिती विचारतंय आणि कुणी धीर मागतंय, ह्यातला फरक आमच्या लोकांना कळतच नाही, बघून बघून कंटाळा आला म्हणून लिहितोय.

माहितीचं सोपं आहे. "इन्सुलिनचं चालू पेन फ्रिजबाहेर ठेवलं तर चालतंय काय?" चालतंय, बहुतेक पेन चारेक आठवडे, उन्हातान्हात नको, खोक्यावरचं वाचा. झालं. इथं कुणी जोडलेले हात टाकून "देव बघून घेईल" लिहिलं की माझं डोकं फिरतं, पण ते सोडा.

घोळ होतो तो दुसऱ्यात. धीर मागणारा "मला धीर द्या" असं कधीच लिहीत नाही, आमच्याकडची गडीमाणसं तर मेली तरी लिहायची नाहीत. मग प्रश्नाचं सोंग. खानापूरकडचा एक पोरगा रात्री साडेअकराला लिहितो, आईचं डायलिसिस आठवड्यातनं तीनदा, पहाटेची बस धरून बेळगावला नेतोय, आज घरी आल्यापासनं नुसती भिंतीकडं बघत पडलीय, काय करू? लगेच तीन उत्तरं. डॉक्टर बदला. मिरजेला न्या. नारळपाणी द्या. अहो नारळपाण्यात पोटॅशियम, डायलिसिसवाल्या बाईच्या जिवावर बेतेल की! पोरगा "बरं" म्हणाला आणि गप्प.

डायलिसिसनंतर माणूस गळून जातं हे त्याला कधीचं ठाऊक होतं, तेच ओळखायचं असतं, विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत आहे काय? मेसेजातनं "काय करू" काढून बघा, मागं औषधाचं नाव नाहीतर आकडा उरला तर माहिती द्या, रात्र आणि भिंत उरली तर गोळ्यांचं बोलू नका. ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑनलाइन ग्रुपांवर अभ्यास झालाय, त्यातही हेच दिसलं, आपलं दुःख सांगणाऱ्याला धीर मिळतो, थेट प्रश्न करणाऱ्याला माहिती. म्हणजे सोंग घेणारा फसतोच. त्यात इथं रिपोर्ट इंग्रजीत, वॉर्डात कन्नड, मनातलं बोलायला हा मराठी ग्रुपच तेवढा.

मी आधी एवढंच लिहितो, "दमलास रे, तू जेवलास काय?" मग, "उपाय सांगू की नुसतं बोलूया?" अजून कुणी रागावलं नाही. "जगून काय करू" असं आलं तर मात्र ग्रुपावर थांबू नका, सरळ फोन करा आणि टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 नंबर द्या, तिथं कन्नड मराठी दोन्ही चालतं.

आणि ते गुलाबाचं "गेट वेल सून" स्टिकर, ते ह्यातल्या कशातच बसत नाही.