‘नाइस’चा प्रवास : नेणत्यापासून भल्या माणसापर्यंत

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये शेवटच्या अंकात फ्रायर लॉरेन्सला कळतं, की रोमिओला धाडलेलं पत्र पोचलंच नाही. ते घेऊन निघालेल्या साधूला प्लेगच्या संशयावरून वाटेतच एका घरात कोंडून ठेवलं होतं. लॉरेन्स हादरतो आणि म्हणतो, ‘द लेटर वॉज नॉट नाइस’. आजचं इंग्रजी जाणणारा याचा अर्थ ‘पत्र काही चांगलं नव्हतं’ असा लावेल आणि पुढच्याच शब्दांशी अडखळेल, कारण पत्रात फार महत्त्वाचा मजकूर होता, असं लॉरेन्स त्याच दमात सांगतो. इथे ‘नाइस’ म्हणजे क्षुल्लक. ते पत्र साधंसुधं नव्हतं, ही त्याची तळमळ आहे. याच नाटकात आधी टिबॉल्टशी झालेल्या मारामारीची हकीकत सांगताना बेन्व्होलिओ म्हणतो, की भांडण किती ‘नाइस’ आहे याचा विचार कर, असं रोमिओने टिबॉल्टला विनवलं होतं. म्हणजे किती फालतू कारणावरून पेटलेलं आहे ते बघ.

इंग्रजी शिकायला लागलं की अगदी सुरुवातीला ओळख होते अशा विशेषणांपैकी हे एक. हवा नाइस, फोटो नाइस, माणूस नाइस. त्यामुळे हा शब्द मुळापासून इतका गोडच असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो जन्मला शिवी म्हणून.

लॅटिनमध्ये ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. त्याला नकार जोडून ‘नेस्किउस’ झाला, म्हणजे ज्याला ठाऊक नाही तो. आपल्या जुन्या मराठीतला ‘नेणता’ नेमका याच घडणीचा. ‘सायन्स’ आणि ‘कॉन्शन्स’ हे शब्दही त्याच ‘स्किरे’चे, म्हणजे ‘सायन्स’ आणि ‘नाइस’ नात्यातले आहेत, फक्त एकात जाणणं आहे आणि दुसऱ्यात न जाणणं. जुन्या फ्रेंचमध्ये ‘नेस्किउस’ झिजून ‘नीस’ झाला आणि त्याचा अर्थ बावळट, खुळा असा ठरला. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर पुढच्या शतकांत फ्रेंच शब्दांची इंग्रजीत रीघ लागली. त्या ओघात, साधारण १३००च्या सुमारास, हा शब्द इंग्रजीत दिसू लागतो तो ‘मूर्ख’ याच अर्थाने. त्याच लॅटिन शब्दाचा स्पॅनिश वारस ‘नेसिओ’ आजही मूर्खालाच म्हणतात. एका भाषेत अर्थ जागचा हलला नाही, दुसरीत त्याने पार टोक गाठलं.

चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ या काव्यात भाषेच्या बदलाबद्दल एक विलक्षण कडवं लिहिलं आहे. हजार वर्षांत बोलण्याची रीत पालटते, तो म्हणतो. तेव्हा ज्या शब्दांना मोल होतं ते आज आपल्याला खुळे आणि विचित्र वाटतात. ‘खुळे’ या जागी त्याने वापरलेला शब्द आहे ‘नाइस’. शब्द बदलतात हे सांगणाऱ्या ओळीतला शब्दच पुढे असा बदलावा, हे वाचताना मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

मधली दोन-तीन शतकं गोंधळाची आहेत. खुळा याच्या शेजारी छचोर, नखरेल हे अर्थ आले. मग लाजरा, बुजरा. मग खाण्यापिण्यात, कपड्यांत नाक मुरडणारा, चोखंदळ. चोखंदळ माणसाला बारकावा दिसतो, म्हणून काटेकोर, सूक्ष्म. आणि बारीकसारीक गोष्ट ती, म्हणून क्षुल्लकही. हे टप्पे एकामागून एक आले नाहीत. बरेचसे एकाच काळात नांदत होते. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कित्येक वाक्यांत लेखकाला नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता हे सांगणं अवघड आहे, अशी कबुली ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानेही दिली आहे.

१७५५मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा कोश आला, तेव्हा ‘काटेकोर’ने बाजी मारलेली होती. बारीकातला बारीक फरक ओळखणारा, प्रमाणाबाहेर चिकित्सक, नाजूक, नाक मुरडणारा असे अर्थ तो देतो. आज आपल्या तोंडी असलेला ‘छान’ हा अर्थ त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १७६९च्या सुमारास लेखी सापडतो, आणि माणसाच्या स्वभावाबद्दलचा ‘भला, प्रेमळ’ हा अर्थ १८३०च्या आसपास.

नव्या अर्थाचा सुळसुळाट किती झपाट्याने झाला असेल, हे जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’त दिसतं. ही कादंबरी १८१७च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. त्यात बाथ शहराजवळ हेन्री टिल्नी आणि त्याच्या बहिणीबरोबर फिरताना नायिका कॅथरिन एका कादंबरीला जगातलं सर्वांत नाइस पुस्तक म्हणते. हेन्री तिला छेडतो : नाइस म्हणजे नीटनेटकं ना? मग ते बांधणीवर अवलंबून आहे! आज दिवस नाइस, आपलं फिरणं नाइस, तुम्ही दोघी नाइस. हा शब्द सगळ्यालाच चालतो, असं तो म्हणतो. मुळात हा शब्द नीटनेटकेपणा, औचित्य, नाजूकपणा यांच्यापुरताच असावा, असं त्याचं मत. पण हे ‘मूळ’ त्याच्या आधीच्या दोनेक शतकांवरच थांबतं. आणखी मागे गेला असता, तर त्याच्या हाती मूर्खच लागला असता.

पुढे शंभर वर्षांनी, १९२६च्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात, हेन्री फाउलरनेही हीच तक्रार केली, आणि दोष दिला स्त्रियांना : त्यांच्या लाडामुळे शब्दाचं वेगळेपण गेलं म्हणे. हा आरोप अन्यायाचा आहे. निबंधात ‘नाइस’ नको, नेमका शब्द शोध, असं शिक्षक सांगतात ते लिखाणाच्या दृष्टीने योग्यच. पण मूळ अर्थ बिघडला हे त्याचं कारण नव्हे. ओळख झाल्यावर ‘नाइस टू मीट यू’ म्हणताना कुणाला बारकाव्याची गरज नसते. तिथे सैल, ऊबदार शब्दच हवा असतो, आणि ते काम हा शब्द चोख करतो.

बोलण्यात त्याचे आणखी दोन वापर कानावर पडतात. ‘नाइस अँड वॉर्म’ म्हटलं की दोन गुण सांगितलेले नसतात. ‘मस्त उबदार’ असा तो एकच भाव असतो. आणि कुणी घोळ घातल्यावर ‘अ नाइस मेस’ म्हटलं, तर ती उपरोधाने केलेली कानउघाडणी.

जुना अर्थ मात्र पुरता गेलेला नाही. ‘नाइसिटी’ म्हणजे अजूनही बारकावा किंवा शिष्टाचारातली बारीक रीत. ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे सहज नजरेत न येणारा सूक्ष्म फरक. तो छान असेलच असं नाही. ‘अ नाइस पॉइंट ऑफ लॉ’ असं वाचलं, की मुद्दा आवडला असं समजू नये. तो इतका बारीक आहे, की निवाडा कोणत्याही बाजूने झुकू शकतो.