चर्चमधील संगणकनियंत्रित प्रकाशयोजना

चर्चमधील वेदी, प्रवचनपीठ, गायकवृंद आणि वादक यांच्यावर पडणारा प्रकाश संगणकावरून किंवा संगणकीय कन्सोलवरून (दिवे चालवण्याच्या फलकावरून) ठरवण्याची, साठवून ठेवण्याची आणि उपासनेच्या क्रमानुसार बदलण्याची व्यवस्था. दिवे, तारा, सॉफ्टवेअर सगळे नाट्यगृहातलेच असते. वापरण्याची रीत मात्र वेगळी. नाटकाची प्रकाशयोजना रंगीत तालमीत घोटली जाते आणि मग प्रयोगामागून प्रयोग तशीच चालते. चर्चमध्ये दर आठवड्याला क्रम बदलतो, प्रकाशाची तालीम बहुधा होतच नाही, आणि कन्सोलवर बसणारा स्वयंसेवक या आठवड्यात एक, तर पुढच्या आठवड्यात दुसरा. त्यामुळे यंत्रणेत करामती किती, हा प्रश्न दुय्यम ठरतो. दिवे टांगताना जो हजर नव्हता त्यालाही ती बिनघोर हाताळता येते का, यावर तिची पारख करावी.

पूर्वपीठिका

चर्चच्या वास्तूत प्रकाशाचा विचार विजेच्या कितीतरी आधीपासून होत आला आहे. पॅरिसजवळच्या सँ-दनी मठाच्या चर्चमधील वेदीमागचा भाग ११४४ मध्ये समर्पित झाला. तिथे मठाधिपती स्यूझेर याने रंगीत काचांच्या मोठ्या खिडक्यांतून उजेड आत घेतला आणि गॉथिक बांधणीला दिशा मिळाली. विजेचे दिवे आल्यावर ते मंद-प्रखर करण्यासाठी डिमर आले. पुढे इलेक्ट्रॉनिक डिमरना दूरवरून हुकूम देण्यासाठी ० ते १० व्होल्टचा दाब वापरीत. यात प्रत्येक डिमरला स्वतंत्र तार लागे. दिव्यांच्या पातळ्या स्मृतीत साठवणारे संगणकीय कन्सोल १९७० च्या दशकात रंगभूमीवर आले. ब्रॉडवेवर १९७५ साली ‘अ कोरस लाइन’ या संगीतिकेसाठी प्रकाशयोजनाकार थॅरन मसर यांनी असा कन्सोल वापरला.

खरा बदल १९८६ मध्ये झाला. अमेरिकेतील रंगमंच-तंत्रज्ञांच्या यूएसआयटीटी या संस्थेने डीएमएक्स५१२ हा संकेत तयार केला. कोणत्याही कंपनीचा कन्सोल कोणत्याही कंपनीच्या डिमरशी बोलू शकावा, एवढाच त्यामागचा हेतू होता. १९९० मध्ये त्यात सुधारणा झाली आणि २००४ मध्ये त्याला अमेरिकी राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. चर्चच्या आवाक्यात हे सगळे आले ते एलईडी दिव्यांमुळे. जुना टंगस्टनचा पार-६४ दिवा एकटाच हजार वॅटपर्यंत वीज खाई, वर रंग बदलायचा तर शिडी लावून जिलेटीनचा कागद बदलावा लागे. एलईडीने डिमरची खोलीही वाचवली आणि शिडीही.

आधी चेहरा

संगणकाला हात लावण्यापूर्वी दिवे कुठे टांगायचे हे ठरवावे लागते. इथे चूक झाली तर ती कोणत्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही. वक्त्याच्या चेहऱ्यावर समोरून दोन बाजूंनी, साधारण ४५ अंशांतून आणि तेवढ्याच उंचीच्या कोनातून दिवे टाकण्याची पद्धत येल विद्यापीठातील अध्यापक स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३० च्या दशकात रूढ केली. एका बाजूने उबदार आणि दुसऱ्या बाजूने थंड छटा दिली की चेहऱ्याला उठाव येतो. व्यासपीठ ०.९ मीटर उंच आणि वक्त्याचे डोळे त्यावर १.६ मीटर, म्हणजे जमिनीपासून २.५ मीटर धरले, तर ६.५ मीटर उंचीवर टांगलेला दिवा डोळ्यांपेक्षा ४ मीटर वर येतो. ४५ अंशांसाठी तो, आडवे मोजले तर, वक्त्यापासून ४ मीटरवरच हवा. दिवा याहून जवळ आणला तर भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत साचते. फार लांब नेला तर चेहरा सपाट दिसतो आणि समोरचे कागद वाचताना वक्त्याचे डोळे दिपतात. शिवाय अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो.

मागून, डोक्या-खांद्यांवर पडणारा दिवा माणसाला पार्श्वभूमीपासून सुटा करतो. रंगाची हौस भिंतीवर आणि या मागच्या दिव्यांत भागवावी. समोरून निव्वळ लाल-हिरवा-निळा मिसळून केलेला पांढरा उजेड त्वचेवर आजारी दिसतो. तिथे चांगल्या रंगनिर्देशांकाचे (उजेडात रंग किती खरे दिसतात याचे माप), शक्यतो ९० च्या वरचे, खरे पांढरे दिवे लावावेत. सकाळच्या उपासनेत खिडक्यांतून सुमारे ५६०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप) दिवसाचा उजेड येतो आणि ३२०० केल्विनचे पिवळसर दिवे त्याच्याशेजारी मळकट वाटतात. म्हणून छटा बदलता येणारे पांढरे दिवे घेतले तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा निभावते.

जुन्या दगडी चर्चमध्ये मनाजोगती जागा क्वचितच मिळते. वारसा वास्तूत भोक पाडता येत नाही. मग तुळईला पकड लावणे, सज्जाच्या कठड्याचा उपयोग करणे किंवा उभे खांब आणणे एवढेच पर्याय उरतात. छताची तुळई किती भार पेलेल हे संरचना अभियंत्याने सांगायचे असते. शिवाय टांगलेल्या प्रत्येक दिव्याला मुख्य पकडीखेरीज पोलादी सुरक्षा-दोर हवाच.

संकेत आणि पत्ते

डीएमएक्सच्या एका तारेतून ५१२ चॅनेल जातात. या संचाला ‘युनिव्हर्स’ म्हणतात. प्रत्येक चॅनेलमध्ये ० ते २५५ पर्यंतचा एक आकडा असतो. सेकंदाला अडीच लाख बिट या वेगाने सगळे ५१२ आकडे सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ४४ वेळा पाठवता येतात. दिवा उलट उत्तर देत नाही आणि आकडा चुकला तर ते पकडण्याची सोय संकेतात नाही. म्हणूनच आतषबाजी किंवा माणसांच्या डोक्यावर हलणारे, दिवे टांगायचे सांगाडे डीएमएक्सवर चालवू नयेत.

आपले आकडे कोणते, हे दिव्याला त्याच्या सुरुवातीच्या पत्त्यावरून कळते. समजा, तीव्रता, लाल, हिरवा, निळा, पांढरा, अंबर आणि स्ट्रोब (लुकलुक) असे सात चॅनेल वापरणारे आठ दिवे आहेत. त्यांचे पत्ते १, ८, १५, २२, २९, ३६, ४३ आणि ५० असे येतील आणि शेवटचा दिवा ५६ वर संपेल. जुन्या दिव्यांवर पत्ता छोट्या खटक्यांनी लावतात. खटक्यांची मूल्ये १, २, ४, ८, १६ अशी दुपटीने वाढत जातात, त्यामुळे २२ साठी दुसरा, तिसरा आणि पाचवा खटका वर करायचा (२+४+१६). आता दुसऱ्या दिव्यावर ८ ऐवजी चुकून ७ लागला तर काय होते? पहिल्याचा स्ट्रोबचा आकडा दुसऱ्याची तीव्रता बनतो. स्ट्रोब शून्यावर असेपर्यंत दुसरा दिवा मेल्यासारखा काळा राहतो, आणि एखाद्या गाण्यात पहिला दिवा लुकलुकायला लावला की हा अचानक भलत्याच रंगात पेटतो. अशा वेळी माणसे दिवा उघडायला निघतात. आधी पत्ता तपासावा. दिव्याला उलट उत्तर देऊ देणाऱ्या आणि २००६ मध्ये मानक ठरलेल्या आरडीएम या जोड-संकेताची सोय दिव्यात आणि यंत्रणेत दोन्हीकडे असेल तर पत्ते कन्सोलवरूनच वाचता-बदलता येतात.

फिरत्या डोक्याच्या दिव्यांत चॅनेल जास्त खर्च होतात, त्यालाही कारण आहे. ५४० अंश फिरणारा दिवा एकाच चॅनेलवर चालवला तर एका आकड्याचा फरक सुमारे २.१ अंशांचा होतो. १५ मीटरवर याचा अर्थ झोत अर्धा मीटर उडी मारतो. सूक्ष्म हालचालीसाठी दुसरे चॅनेल जोडले की ६५,५३६ पायऱ्या मिळतात आणि तीच उडी दोनेक मिलिमीटरवर येते.

तार एका दिव्यातून दुसऱ्यात अशी साखळीने न्यावी. मध्येच फाटा फोडायचा असेल तर स्प्लिटर वापरावा. एका साखळीवर ३२ पेक्षा जास्त दिवे नसावेत आणि शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर लावावा. नाहीतर संकेत टोकावर आपटून परत फिरतो आणि दिवे विनाकारण लुकलुकतात. मानकात पाच पिनांचा एक्सएलआर जोड सांगितला आहे, स्वस्त दिव्यांवर मात्र तीन पिनांचाच असतो. माइकची तार त्यात चपखल बसते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. त्या तारेचा विद्युत-अवरोध (इंपीडन्स) जुळत नाही. दोन-चार दिव्यांपर्यंत ती चालते, साखळी लांबली की दगा देते, आणि नेमका कोणता तुकडा माइकचा हे तोवर कोणाला आठवत नाही.

एलईडी दिव्यांना थेट, अखंड वीजपुरवठा द्यावा. जुन्या डिमरच्या सॉकेटमध्ये ते जोडले तर दिवा तरी बिघडतो किंवा डिमर तरी. सगळे एकदम चालू केल्यास क्षणभर मोठा प्रवाह खेचला जाऊन ब्रेकर पडू शकतो, त्यामुळे ते टप्प्याटप्प्याने लावावेत. पंख्याचा आवाजही खरेदीपूर्वी ऐकून घ्यावा, कारण मूक प्रार्थनेत वीस पंख्यांची घरघर चांगलीच ऐकू येते.

संगणक

लॅपटॉप आणि त्याचे आकडे डीएमएक्सच्या तारेत घालणारा, यूएसबीवर चालणारा इंटरफेस एवढ्यावर छोट्या चर्चचे काम भागते. इंटरफेसचे दोन प्रकार आहेत. स्वस्त प्रकारात संकेताची वेळ संगणकच सांभाळतो, त्यामुळे संगणक दुसऱ्या कामात अडकला की दिवे थरथरतात. दुसऱ्या प्रकारात इंटरफेसमध्येच प्रोसेसर असतो आणि तो शेवटचे आकडे स्वतः पाठवत राहतो. किमतीतला फरक सोसून दुसराच घ्यावा. क्यूएलसी प्लस हे मुक्त सॉफ्टवेअर लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर चालते. मोठ्या संचासाठी ईटीसीचे ईऑस, कॅमसिसचे मॅजिकक्यू किंवा एमए लायटिंगचे ग्रँडएमए३ वापरतात. लॅपटॉपची झोप, आपोआप होणारे अपडेट आणि यूएसबीची वीजबचत हे तिन्ही बंद ठेवावे.

दिवे वाढून अनेक युनिव्हर्स लागले की आकडे संगणकाच्या नेटवर्कवरून पाठवतात. त्यासाठी आर्टिस्टिक लायसन्स या कंपनीने १९९८ मध्ये आणलेला आर्ट-नेट आणि २००९ मध्ये मानक झालेला एसएसीएन हे दोन संकेत प्रचलित आहेत. हे नेटवर्क मंडळीसाठी असलेल्या वायफायपासून पूर्ण वेगळे असावे.

क्यू आणि उपासना

दिव्यांची एक ठरलेली स्थिती आणि तिथे पोहोचायचा वेळ मिळून एक क्यू होतो. चर्चसाठी क्यूंची लांबलचक यादी करण्यापेक्षा प्रवेश, गायन, वाचन, प्रवचन, प्रभुभोजन आणि प्रार्थना अशा मोजक्या स्थित्या बटणांवर ठेवलेल्या बऱ्या. क्रम ऐनवेळी बदलला, आणि तो बदलतोच, तर योग्य बटण दाबले की झाले. बदल तीन ते पाच सेकंदांत हळूच व्हावा. एलईडी दिवा पूर्ण विझताना शेवटच्या दोन-तीन पायऱ्या गचके खात उतरतो. शांततेत ते डोळ्यांत भरते. सोळा-बिटी (दोन चॅनेलवर चालणारी) तीव्रता असलेला दिवा त्यावर उपाय आहे. गीतांचे शब्द पडद्यावर दाखवणारे सॉफ्टवेअर मिडी (वाद्ये व यंत्रे जोडणारा संकेत) संदेश पाठवून स्वतःच क्यू बदलू शकते, म्हणजे एकच माणूस दोन्ही कामे पाहतो.

रंग निवडताना उपासनेचे वर्ष हाताशी असते. रोमन विधीत नाताळापूर्वीचा आगमनकाळ आणि ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ यांना जांभळा, नाताळ व ईस्टरला पांढरा किंवा सोनेरी, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) व गुड फ्रायडेला लाल, आणि सामान्य काळाला हिरवा रंग आहे. वेदीमागच्या भिंतीवर त्या रंगाची हलकी छटा पुरते. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत तर प्रकाशाचा क्रम विधीनेच लिहून ठेवला आहे. सुरुवात अंधारात होते, नव्या अग्नीवर पास्काची (ईस्टरची) मेणबत्ती पेटवतात, मिरवणुकीत ख्रिस्ताच्या प्रकाशाचा घोष तीनदा होतो, आणि तिसऱ्या घोषानंतर वेदीवरच्या मेणबत्त्या वगळून चर्चभर दिवे लावतात. त्या मेणबत्त्या ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीताच्या वेळी पेटतात. इथे कन्सोलवरच्या माणसाने मिस्साग्रंथ (विधीचे पुस्तक) उघडून बसावे, वेगळी कल्पकता लढवण्याची गरज नाही.

मंडळीवरचे दिवे किती मंद करावेत यावर निरनिराळ्या चर्चमध्ये मतभेद आहेत. आधुनिक संगीतप्रधान उपासनेत सभागृह काळोखे ठेवण्याची प्रथा पडली आहे. जिथे मंडळी स्वतः वाचते, गाते, उत्तरे देते तिथे मात्र ती प्रेक्षक नसते आणि तिला पुस्तक दिसायला हवे. वृद्धांना पायऱ्या दिसणे हाही मुद्दा आहेच. धूर-यंत्राने झोत छान दिसतात, पण आगीची सूचना देणारी यंत्रणा वाजते आणि गायकांचे घसे धरतात. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारे दिवे अपस्मार असलेल्यांना धोक्याचे असल्याने ते टाळावेत.

उपासना कॅमेऱ्यातून प्रक्षेपित होत असेल तर एलईडीची लुकलुक तपासून घ्यावी. डोळ्यांना स्थिर वाटणारा मंद दिवा पडद्यावर आडवे पट्टे उमटवतो. लुकलुकीची वारंवारता वाढवता येणारे दिवे घेतल्यास किंवा कॅमेऱ्याच्या शटरचा वेग जुळवल्यास ते जातात.

बिघाडाची तयारी

बाहेर पडण्याच्या खुणा आणि आणीबाणीचे दिवे संगणकाच्या ताब्यात कधीच देऊ नयेत. पत्त्यांचा तक्ता छापून कन्सोलपाशी ठेवावा आणि शो-फाइलची (साठवलेल्या क्यूंच्या फाइलची) प्रत दुसऱ्या जागी असावी. लॅपटॉप बंद पडल्यास दिव्याने काय करावे, शेवटची स्थिती धरून ठेवावी की विझावे, हे बहुतेक दिव्यांच्या मेनूत ठरवता येते. चर्चसाठी पहिला पर्याय बरा. एसएसीएनमध्ये प्रत्येक स्रोताला ० ते २०० मधला अग्रक्रम देता येतो आणि तो न दिल्यास १०० धरला जातो. ज्याचा आकडा मोठा त्याचे ऐकले जाते. दाराजवळच्या भिंतीवर चार बटणांचे पॅनेल बसवून त्याला ५० दिला, तर लॅपटॉप चालू असेपर्यंत लॅपटॉपचेच आकडे चालतात. तो गप्प झाला की अडीच सेकंदांनी ताबा पॅनेलकडे जातो, आणि आठवड्यातल्या छोट्या प्रार्थनासभेसाठी लॅपटॉप उघडावाच लागत नाही.